घरटी एक फळी

आमच्या गावात घरात बसून कुणी गप्पा मारत नाही. घरात बसलं की बायको काम सांगते! त्यामुळं उठायचं आणि साकवावर येऊन टेकायचं. वर कौलं, खाली पाणी, दोन्ही बाजूंना कठडा आणि पलीकडच्या टोकाला एसटीचा थांबा. एसटी वेळेवर आली असती तर आमच्याकडं एकही किस्सा जमला नसता. पण ती कधी वेळेवर येत नाही आणि आमची तोंडं काही बंद होत नाहीत, म्हणून हा सगळा साठा!

साकव म्हणजे लाकडाचा पूल. सांगलीच्या माझ्या मेव्हण्याला हे सांगावं लागलं, म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. मधनं ओढा वाहतो. अलीकडं खालची वाडी, पलीकडं वरची वाडी आणि दोन्हीला जोडणारा हा साकव. पण नुसता साकव नाही, छप्पर असलेला. घरावर असतं तसं, कौलारू!

मी स्वतः फौजेत पूल टाकणाऱ्या पलटणीत होतो. लोखंडी पूल, नटबोल्ट, शिट्टी वाजली की काम सुरू. हवालदार म्हणून रिटायर होऊन गावी आलो तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती. साकवाकडं बघून मी बापूंना म्हणालो, "आवं बापू, पुलाला छप्पर कशाला? आजारी हाय का त्यो?"

बापू म्हणजे आमच्या साकवाचे कारभारी. वय विचारलं की रागावतात. त्यांनी तंबाखू मळत मला खालीवर बघितलं.

"तू फौजेत रेनकोट घालत हुतास न्हवं?"

"व्हय."

"तू तर पळून आडोशाला तरी जात असशील. ह्यो उभाच हाय की जाग्यावर!"

माझी पहिली परेड तिथंच झाली.

*

आता साकवाचा कायदा ऐका. लिहिलेला कुठं नाही, पण मोडायची कुणाची टाप नाही.

ओढ्यात दगडी खांब, खांबांवर लांबच्या लांब तुळया आणि तुळयांवर आडव्या, एकीला एक चिकटून फळ्या. एक खिळा नाही! दोन्ही कडांना वरून पट्टी आणि सगळ्या फळ्या दामटून बसवल्या की शेवटी टोकाला पाचर ठोकायची. घरटी एक फळी. ज्याची फळी त्यानं ती सांभाळायची. दर वैशाखात सगळे येतात, आपापली फळी काढतात, पुसतात, करंजाचं तेल पाजतात आणि परत लावतात. याला आम्ही 'फळी काढणं' म्हणतो. पुण्या-मुंबईला गेलेलाही त्या दिवशी रजा टाकून येतो. दिवाळीला नाही आला तर चालतं!

आणि दुसरं कलम. गावची लेक लग्न होऊन निघाली की साकवावर आपल्या घरच्या फळीवर थांबते. आई फळीला हळदीकुंकू लावते, लेक वाकून नमस्कार करते आणि मग पलीकडं जाते. घराचा उंबरा ओलांडला ते काही खरं नाही, फळी ओलांडली की लेक सासरची झाली. मी ढीगभर देश फिरलो, पण त्या फळीवर थांबलेली पोरगी बघितली की अजून मी तोंड फिरवून कठड्याखालचं पाणी बघत बसतो. आणि मी काही रडका माणूस नाही, बायकोला विचारा.

*

वरच्या वाडीत दोघं भाऊ होते. वाटण्या झाल्या. शेत वाटलं, विहीर वाटली, गोठ्यातली गव्हाणसुद्धा मधोमध कापली! राहिली साकवाची फळी. ती एकच.

थोरला म्हणाला, "डावी अर्धी माजी, उजवी अर्धी तुजी."

पुढं काय झालं असेल? थोरला साकवावरनं जाताना त्या फळीपाशी आला की डाव्या अंगाला सरकायचा आणि धाकटा उजव्या. दोघांच्या बायका, पोरं, सगळीच! पाहुण्यांना वाटायचं यांच्या घरात चक्कर येण्याचा आजार आहे.

एक दिवस दोघं समोरासमोर आले. थोरला जाताना, धाकटा येताना. बापू कठड्याला बसलेले. ते म्हणाले, "गड्याहो, आता खालचं पाणीबी वाटून घ्या. मासं कुनाच्या अंगाला जात्यात ते म्या बघतो!"

दोघं हसले, पण सरकायचं काही सोडलं नाही. अजूनही सरकतात.

*

बिरूचा किस्सा आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

बिरू जत-आटपाडीकडचा, दुष्काळी मुलखातला. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन यायचा. खतासाठी लोक आपापल्या शेतात त्याची मेंढरं बसवून घ्यायचे. पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. कळप साकवाच्या तोंडाशी आला आणि थांबला. फळ्यांच्या बारीक सांदीतनं खालचं पाणी चमकताना दिसत होतं. मेंढरं काही पाय टाकेनात. लोक जमले. कुणी म्हणे हाणा, कुणी म्हणे ओढा.

बिरूनं कुणाचं ऐकलं नाही. खांद्यावरचं घोंगडं काढलं, पहिल्या फळीवर अंथरलं आणि त्यावर स्वतः गुडघे टेकून बसला. म्हातारी मेंढी होती एक, तिच्याशी बोलायला लागला. काय बोलला ते कुणाला कळलं नाही. थोड्या वेळानं ती मेंढी घोंगड्यावर आली. बिरू घोंगडं आपल्याकडं सरकवत मागं मागं जायला लागला, मेंढी त्याच्यामागं आणि तिच्यामागं सगळा कळप! छपराखाली नुसता खुरांचा आवाज. बापू सांगतात, "त्या दिशी कुनीबी श्वास सोडला न्हाई रं. सगळी मेंढरं पार झाली तवा गाव खोकलं!"

पुढं बिरूनं मेंढरं विकली, ओढ्याकाठची पडीक जमीन घेतली, ऊस लावला, घर बांधलं. रेश्मा, त्याची लेक, इथंच जन्मली, इथंच शाळेला गेली. बिरूचं सगळं झालं. राहिली एकच गोष्ट. त्याला साकवावर फळी नव्हती.

मागितली होती त्यानं. बापू म्हणाले, "बिरू, तू लय चांगला माणूस हायस. पर साकव काय रबराचा हाय का, ताणला की वाढंल? दोन काठांत बसतील तेवढ्याच फळ्या."

खोटं काहीच नव्हतं त्यात. बिरू हसला आणि गेला. दर वैशाखात मात्र तो फळी काढायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर! याची फळी उचल, त्याच्या फळीला तेल लाव. आणि सगळ्यांच्या फळ्या बसल्या की हात पुसत बाजूला उभा राहायचा. ते मला बघवायचं नाही.

*

मध्ये एकदा एक इंजिनिअर साहेब आले. खालच्या अंगाला सिमेंटचा पूल झालाय, गाड्या तिकडनं जातात, त्याच्या कामावर आलेले. साकव बघून चकितच झाले. मोबाईलमध्ये फोटोवर फोटो. मग बापूंना विचारतात, "आजोबा, हा पूल किती वर्षांपूर्वीचा?"

बापू म्हणाले, "कुठली फळी इचारताय?"

"फळी नाही हो, पूल."

"ही माजी फळी नातवाच्या बारशाच्या साली बदलली. ती शेजारची त्याच्या आदल्या साली. कौलं माज्या बा-नं बदलली. तुळया त्याच्या बा-नं. खांब तेवढं माज्या लहानपनीच्या पुरानंतर परत रचलं."

साहेब हिशेब करायला लागले. "म्हणजे… जुनं असं काहीच उरलेलं नाही?"

"हाय की. वहिवाट!"

साहेब भला माणूस होता. पायातले बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी साकव ओलांडून गेला. पलीकडं जाऊन पुन्हा अनवाणी परत आला. एसटी पलीकडंच लागते हे त्याला नंतर आठवलं!

*

माझीही फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल फौजी दुसऱ्यांचेच किस्से सांगतो.

पुलावरनं फौज कदमताल करत जात नाही. सगळ्यांचा पाय एकदम पडला तर पूल हलतो. म्हणून आमच्याकडं हुकूम असतो, 'ब्रेक स्टेप!' पंधरा ऑगस्टला शाळेची पोरं प्रभातफेरी काढून साकवावर आली. पुढं मास्तर, मागं लेफ्ट-राईट. माझ्या अंगातला हवालदार जागा झाला. असा ओरडलो, "ब्रेऽऽक स्टेप!"

पोरांना वाटलं, ब्रेक म्हणजे सुट्टी. सगळी पळाली! झेंडा मास्तरांच्या हातात आणि मास्तर एकटेच साकवावर.

बापू हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "फौजी, उगं घाबरतोस. ह्या गावात कवा दोन माणसांचा पाय एकदम पडलाय का?"

*

पण पाय एकदम पडलेला मी बघितलाय. पुराच्या वेळी.

तीन दिवस पाऊस हटला नव्हता. ओढ्याला असं पाणी आलं की झाडंच्या झाडं वाहत होती. सिमेंटचा पूल पाण्याखाली. साकवाच्या फळ्यांना पाणी लागायला वीतभर राहिलं आणि बापू पावसात उभे राहून ओरडले, "फळ्या काढा!"

मला कळेना. नंतर लक्षात आलं. फळ्या काढल्या की पाण्याला अडायला काही राहत नाही. वर छप्पर, खाली तुळया आणि मधनं पाणी मोकळं. पाचर काढली आणि अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. बायका, म्हातारी, सगळी. फळी हातातनं हातात, पार देवळापर्यंत. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाला सांगत नव्हतं. मी फौजेत एवढी शिस्त बघितली नाही!

शेवटी मधल्या काही फळ्या राहिल्या. पाणी तुळयांवर उडायला लागलेलं. कुणाची हिंमत होईना. बिरूनं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि उघड्या तुळईवर पोटावर सरकत गेला. एकेक फळी सोडवून मागं ढकलत राहिला. शेवटची फळी बापूंची होती. ती घेऊन तो काठाला आला आणि मी दोर सोडून त्याला कडक सॅल्यूट मारला. पावसात चिखलात उभं राहून. मनापासून मारला.

साकव उभा राहिला. देवळात सगळ्यांना चहा दिला. बिरू कुडकुडत चहा पीत होता, त्यानंच विषय हलका केला.

"बरं झालं माजी फळी न्हवती त्यात. असती तर म्या आदी तीच काडली असती!"

सगळे हसले. बापू हसले नाहीत.

*

यंदा रेश्माचं लग्न ठरलं. मुलगा फलटणचा, साखर कारखान्यात नोकरीला. सगळं छान. पण बिरूची बायको हिरा आमच्याकडं आली आणि माझ्या बायकोपाशी बसून रडायला लागली.

"वैनी, समद्या पोरी थांबल्या. माजी कुठं थांबल? तिच्या मैत्रिणी इचारत्यात तिला. ती म्हनती, म्या न थांबता जाईन, काय हुतंय? पर रात्री उशीत तोंड खुपसून रडती."

मी लगेच उठलो. बिरूच्या घरी गेलो आणि म्हणालो, "आमच्या फळीवर थांबू दे पोरीला. माझीच लेक समज."

बिरूनं मला बसायला घोंगडं अंथरलं. मग म्हणाला, "फौजी, तुमचा जीव लय मोटा. पर दुसऱ्याच्या उंबऱ्यावरनं लेक कशी धाडू? जाऊ द्या. आमच्या आया तर मेंढरामागनं चालता चालता सासरी गेल्या."

परत आलो. साकवावर बापू बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, काठी घेतली आणि घरी गेले. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला!

*

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात फळी काढायचा दिवस आला. मी सकाळी गेलो तर बापू आधीच आलेले. आपली फळी काढून आडवी टाकलेली आणि तिच्या कडेवर रंधा मारत बसलेले! लाकडाच्या पापड्या सगळीकडं.

मी म्हणालो, "आवं बापू, चांगली फळी तासताय कशाला?"

"फुगलीय," बापू म्हणाले. मान वर केली नाही.

भर वैशाख. ऊन असं की विहिरींनी तळ गाठलेला. या दिवसांत लाकूड आक्रसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. मी बापूंकडं बघितलं. मग बिरूच्या घराकडं बघितलं. आणि मी आपला खाली बसलो, मुकाट माझी फळी काढली.

"माजीबी फुगलीय बापू. रंधा द्या जरा."

मागनं एकेक जण येत गेला. बघायचा, उभा राहायचा, डोकं खाजवायचा. "आमचीबी फुगल्यागत वाटतीया." सगळं गाव रंधे, तासण्या घेऊन बसलं. ते दोघं भाऊ आले, एक या टोकाला बसला, एक त्या टोकाला आणि एकच फळी दोघांनी मिळून तासली. प्रत्येकानं थोडी थोडी. बोटभर, कुणी जरा जास्त. आपल्या बापजाद्यांच्या फळीवर रंधा मारायचा, गड्याहो, सोपं नसतं ते. एकानंही कुणाला कारण विचारलं नाही.

बिरू तेलाचा डबा घेऊन आला. त्याला काही कळेना. "समद्यांच्याच कशा फुगल्या?"

"हवा बदललीय," बापू म्हणाले. "तू तेल लाव."

फळ्या लावायला घेतल्या. दोन्ही काठांकडनं दामटत दामटत आणल्या आणि मधोमध, बापूंच्या फळीच्या शेजारी, जागा राहिली. बरोबर एका फळीची. खाली पाणी दिसत होतं.

बिरू वाकून बघत म्हणाला, "आवं बापू, येक कमी पडली. कुनाची राहिली?"

"तुजी," बापू म्हणाले.

बिरूच्या हातातला डबा खाली आला. तेल सगळं सांडलं. तो त्या जागेकडं बघत राहिला, मग आमच्याकडं एकेकाकडं. सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागलेले. कुणाला त्याच्या नजरेला नजर द्यायचा धीर नव्हता.

मग तो हळूच म्हणाला, "पर माज्याकडं फळी कुठं हाय?"

आणि आमच्या लक्षात आलं! एवढ्या सगळ्यांनी रंधे मारले, पण नवी फळी कुणालाच सुचली नव्हती. एका गड्याच्याही डोक्यात आलं नाही! बापूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आता रं?" लाकूड शोधायचं, कापायचं, वाळवायचं म्हणजे पुढचा वैशाख. आणि लग्न चार दिवसांवर.

बिरू एकदम वळला आणि पळत सुटला. या वयात, धोतर सावरत, बांधावरनं. आम्ही बघत राहिलो.

आला तो खांद्यावर घराचं दार घेऊन! दोन फळ्यांचं सागवानी दार होतं त्याचं, त्यातली एक बिजागरीतनं उचकटून आणलेली. मेंढरामागं उघड्यावर जन्म गेलेल्या माणसानं घर बांधताना भिंतींच्याही आधी हौसेनं करून घेतलेलं दार. मागनं हिरा पळत येत होती, "आवं, लगीन घरात हाय! दार कुठं घेऊन चाललाय!"

साकवापाशी ती थांबली. ती जागा बघितली आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

दार थोडं तासावं लागलं. ते बापूंनी तासलं. बसवताना बिरू म्हणाला, "कडी ऱ्हाऊ द्या," म्हणून वरच्या टोकाची लोखंडी कडी तशीच ठेवली, कठड्याच्या अंगाला. बापूंनी पाचर बिरूच्या हातात दिली. त्यानं ती ठोकली.

लग्न लागलं. अर्ध्या दाराच्या घराला हिरानं घोंगडं लावलं होतं. पाहुण्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं.

वरात साकवावर आली. वाजंत्री थांबली. रेश्मा चालत चालत मधोमध आली आणि त्या फळीवर थांबली. हिरानं हळदीकुंकू लावलं. बिरू कठड्याला धरून उभा होता. रेश्मा नमस्काराला वाकली. वाकली ती उठेचना.

मग तिनं कडी हातात घेतली आणि वाजवली. बाहेरनं घरी आल्यावर वाजवतात तशी.